अंगणातले शेकोटीचे कुंड आणि घरातली फायरप्लेस : विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उलटली की आमच्याकडे एकाच विषयाची विचारणा सुरू होते. कोणी शेतातल्या नव्या घराच्या अंगणासाठी विचारतो, कोणी आजोबांच्या वाड्यातल्या ओसरीसाठी, तर कोणी मोबाइलवर पाहिलेल्या एखाद्या परदेशी दिवाणखान्याचे छायाचित्र पाठवून ‘हे असेच आमच्याकडे होईल का’ असे विचारतो. गेल्या काही हिवाळ्यांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे साध्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्या उत्तरात पुन्हा दिलेली नाही. तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शेकोटी, आगटी, फायर पिट आणि फायरप्लेस हे सगळे एकच आहे का?

शेकोटी उघड्या जमिनीवर, कोणत्याही बांधकामाशिवाय पेटते आणि सकाळी राख झाडली की जागा मोकळी होते. आगटी म्हणजे जमिनीत खणलेला उथळ खड्डा. हुरडा भाजायला आपल्याकडे तीच वापरतात. दुकानदार ज्याला फायर पिट म्हणतात, ते या आगटीचेच दगडाविटांचे किंवा लोखंडाचे कायमचे रूप आहे. या पानावर त्याला ‘कुंड’ म्हटले आहे. फायरप्लेस ही घराच्या भिंतीत बांधलेली, धुराडे असलेली जागा होय. उचलून नेता येते ती शेगडी, आणि तिच्याविषयीचा सर्वांत गंभीर प्रश्न चौदाव्या क्रमांकावर आहे.

२. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा भागात फायरप्लेस हवीच कशाला?

बहुतेक घरांत नको, हेच आमचे प्रामाणिक मत आहे. विदर्भातली थंडी खरी असते, पण ती थोड्या दिवसांची असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि गोंदियाचे नाव दर हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांत येते. तरीही शेकण्यासारखी थंडी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, म्हणजे सहा-सात आठवडेच टिकते. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे जमीन सूर्यास्तानंतर भराभर निवते. दुपारी मात्र त्याच अंगणात ऊन सोसत नाही. ज्या घराच्या जाड मातीच्या भिंती दिवसभर तापलेल्या असतात, ते घर रात्री बाहेरच्यापेक्षा उबदारच राहते. थंडी बोचते ती अंगणात आणि शेतात जागलीला बसलेल्या माणसाला. म्हणून विस्तवाची जागाही तेथेच असावी. अपवाद चिखलदऱ्याचा आणि मेळघाटातल्या उंचावरच्या गावांचा. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे घरातल्या फायरप्लेसचा खर्च अंगी लागतो.

३. अंगणासाठी कोणत्या प्रकारचे कुंड घ्यावे? दिसायलाही चांगले हवे.

घर कसे आहे ते आधी पाहावे. मातीच्या भिंतींच्या, कवेलूंच्या घरापुढे चकचकीत स्टीलचे भांडे उपरे दिसते. तेथे जमिनीच्या पातळीला बांधलेले, वरच्या कडेला घडीव काळा दगड बसवलेले गोल कुंड शोभते. बाहेरचा भाग शेणमातीने सारवून कडेला गेरूचा पट्टा ओढला, तर वेगळ्या सजावटीची गरजच उरत नाही. सारवण दर हिवाळ्याच्या आरंभी नवे करावे लागते, आणि सडा-सारवण रोजचेच असलेल्या घरात त्याचे ओझे वाटत नाही.

स्लॅबच्या, सरळ रेषांच्या नव्या घरापुढे लोखंडी कुंड उठून दिसते. तालुक्याच्या गावातला फॅब्रिकेशनवाला ४ ते ५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून वाडग्याच्या आकाराचे कुंड करून देतो. पातळ पत्रा दोन हिवाळ्यांतच वाकतो, हे आधीच लक्षात ठेवावे. त्यावर तांबूस गंज चढू देण्याची सध्या आवड आहे आणि ती दिसतेही देखणी. फक्त असे कुंड फिकट रंगाच्या फरशीवर ठेवू नये, कारण पहिल्याच पावसात गंजाचे ओघळ फरशीत मुरतात आणि मग ते घासूनही निघत नाहीत. खाली मुरूम किंवा काळा दगड असावा.

आमच्या आवडीचा तिसरा प्रकार म्हणजे गुऱ्हाळातली जुनी, रिबिटे मारलेली कढई. बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या मालकाकडे किंवा भंगारात ती अजून मिळते. तीन पायांच्या लोखंडी कड्यावर ती बसवली की काम झाले. इंग्लंडमध्ये अशाच भारतीय कढया बागेतल्या शेकोटीसाठी हौसेने विकत घेतल्या जातात आणि आपल्याकडे त्या गोठ्यामागे पालथ्या पडलेल्या असतात.

भाजलेल्या मातीचे कुंडही सुंदर दिसते. भद्रावतीसारख्या ठिकाणी मातीकामाची चांगली परंपरा आहे. मातीचे भांडे घेतले, तर तळाशी तीन बोटे रेती भरावी आणि पहिले चार-पाच वेळा अगदी लहान विस्तव करावा. गार भांड्यात एकदम मोठा जाळ केला की ते उभे चिरते.

४. कुंडाचे माप किती ठेवावे?

सहा ते आठ माणसांसाठी आतला व्यास ३ ते साडेतीन फूट आणि भिंतीची उंची १२ ते १४ इंच पुरते. बसायची जागा कडेपासून ३ ते ४ फुटांवर असावी. लोक हौसेने ५ फुटांचे कुंड बांधतात, मग त्याला लाकूड पुरवता पुरवता नाकी नऊ येतात आणि माणसे इतकी दूर बसतात की बोलणे ऐकू येत नाही.

५. कुंड घरापासून किती दूर असावे आणि जागा कशी निवडावी?

घराची भिंत, झाड, कुंपण आणि छपराची पुढे आलेली कड यांपासून कमीत कमी १० फूट अंतर हवे, आणि वरती मोकळे आकाश हवे. आंब्याच्या फांदीखाली किंवा विजेच्या तारेखाली कुंड बांधू नये. कुटाराचा ढीग, कडब्याची गंजी, तणसाचे पुंजणे किंवा कापसाची साठवण असलेली खोली जवळ असेल, तर १० फूट मुळीच पुरेसे नाहीत. ठिणगी वाऱ्यावर बरीच दूर जाते आणि कापसात पडलेली ठिणगी कित्येक तास आतल्या आत धुमसत राहते. अशा ठिकाणी आम्ही ५० फुटांच्या आत कुंड बांधून देत नाही.

हिवाळ्यात आपल्याकडचा वारा बहुधा उत्तरेकडून आणि ईशान्येकडून येतो. त्यामुळे कुंड घराच्या दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला ठेवले, तर धूर घरात शिरत नाही आणि घराचा आडोसाही मिळतो. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, सोय असूनही लोक दर्शनी अंगणाचा हट्ट धरतात. पाहुण्यांना दिसावे ही इच्छा समजण्यासारखी आहे, पण चार संध्याकाळी स्वतः त्या जागी साधी शेकोटी करून धूर कोणीकडे जातो ते पाहावे आणि मगच गवंड्याला बोलवावे.

६. आमच्या काळ्या मातीत बांधलेले कुंड एका वर्षात तडकले. गवंड्याने काम वाईट केले का?

बहुधा दोष गवंड्याचा नसतो. काळी कपाशीची माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. एप्रिल-मे महिन्यांत शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. वरचे बांधकाम हलके आणि कडक, खालची जमीन दरवर्षी वरखाली होणारी, मग बांधकाम सांध्यात फाटते. कुंडाच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. विस्तवामुळे कुंडाखालची माती कोरडी होते आणि बाहेरची ओलीच राहते, त्यामुळे मध्यभाग आणि कडा वेगवेगळ्या प्रमाणात खचतात. माझे स्वतःचे पहिले कुंड असेच गेले. मी ते थेट सपाट केलेल्या काळ्या मातीवर, एक थर विटा टाकून बांधले होते आणि पहिल्या पावसाळ्यानंतर त्याची पूर्वेकडची कड दोन बोटे खाली बसली होती.

उपाय असा की काळी माती काढूनच टाकावी. थर उथळ असेल तर मुरूम लागेपर्यंत खणावे. तो खोल असेल, तर कुंडाच्या व्यासापेक्षा दोन्ही बाजूंना एकेक फूट अधिक रुंद आणि किमान दीड ते दोन फूट खोल खड्डा करावा, त्यात मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसाने ठोकावा आणि वर चार इंच गिट्टी व रेती द्यावी. काढलेली काळी माती पुन्हा त्याच खड्ड्यात भरण्याचा मोह टाळावा. भिंत शक्यतो सुक्या रचणीची, म्हणजे सिमेंटने न जखडलेली ठेवावी. जमीन थोडी हलली तरी दगड पुन्हा बसवता येतात. जेथे कायमचे बांधकाम जमणारच नाही, तेथे पायांवर उभे राहणारे लोखंडी कुंड घ्यावे. जमीन हलली तरी त्याला काही होत नाही.

७. दगड कोणता वापरावा? नदीतले गोटे छान दिसतात.

नदीतले गोटे विस्तवाजवळ आणू नयेत. वर्धा असो की वैनगंगा, पाण्यात वर्षानुवर्षे पडलेल्या दगडाच्या बारीक फटींत पाणी मुरलेले असते. तापल्यावर त्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि दगड गोळीसारखा फुटतो. बाहेरच्या सजावटीला गोटे चालतील, आत नाही. नागपूरच्या पश्चिमेला सर्वत्र मिळणारा काळा बेसाल्ट दगड चांगला, फक्त तो खाणीतला, सुकलेला आणि छिद्रे नसलेला पाहून घ्यावा. वणी, राजुरा, कोरपना या भागात चुनखडी हाताशी असते, पण तीव्र विस्तवात चुनखडीचा चुना होतो, पावसाचे पाणी पडले की तो फुलतो आणि कडा भुसभुशीत होऊन गळतात. कोणताही दगड वापरला तरी आतून विटांचे अस्तर असावे (प्रश्न ८).

८. साध्या विटा आणि सिमेंट चालत नाही का?

बाहेरच्या भिंतीला चालते. विस्तवाला लागून असलेल्या अस्तराला अग्निरोधक वीट, म्हणजे बाजारात जिला फायर ब्रिक म्हणतात ती वापरावी. तिचे नेहमीचे माप २३० × ११५ × ७५ मिलिमीटर असते. जोडणीला सिमेंटऐवजी फायर क्ले घ्यावी आणि सांधे अगदी पातळ ठेवावेत. सिमेंटचे काँक्रीट सुमारे ३०० अंशांपुढे ताकद गमावू लागते आणि त्याचे कपचे उडतात. फायर ब्रिक मिळाली नाही, तर भट्टीतल्या मधल्या थरातली खणखणीत भाजलेली लाल वीट मातीत जोडून वापरावी. ती पाच-सहा हिवाळे टिकते आणि मग एक संध्याकाळ खर्चून अस्तर बदलता येते. बांधकाम झाल्यावर किमान तीन आठवडे विस्तव करू नये आणि नंतरचे पहिले विस्तव लहान ठेवावेत.

९. कोणते लाकूड जाळावे? आमच्याकडे पऱ्हाटी आणि तुराटी भरपूर आहे.

पऱ्हाटी आणि तुराटी पेटवणाला उत्तम, बसायला निरुपयोगी. भडका मोठा होतो आणि दहा मिनिटांत काही उरत नाही. एक सावधगिरी कपाशीच्या बाबतीत पाळावी. शेंदरी बोंडअळी वाळलेल्या पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत जिवंत राहते, म्हणून पऱ्हाटीच्या गंज्या शेताच्या बांधावर पुढच्या हंगामापर्यंत साठवू नयेत असे कृषी शास्त्रज्ञ सांगतात. जाळायचीच असेल तर ती हिवाळ्यातच जाळून संपवावी. तिच्यासोबत कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या आणि पाकिटे विस्तवात जातात, ते कटाक्षाने टाळावे.

बैठकीच्या विस्तवाला बाभूळ आणि धावडा यांना तोड नाही; दोन्हींचा निखारा जड आणि टिकाऊ असतो. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात जुन्या संत्राबागा काढल्या जातात, त्यांची वाळलेली खोडे मिळाली तर अवश्य घ्यावीत. संत्र्याचे लाकूड घट्ट असते आणि सावकाश जळते. पळस हलका आहे आणि उष्णता कमी देतो. बांबू जाळायचा झाल्यास आधी उभा चिरावा, कारण बंद पेरातली हवा तापून पेर फटाक्यासारखे फुटते.

काही झाडे पूर्ण वर्ज्य आहेत. बिब्ब्याचा चीक अंगावर फोड आणतो आणि त्याचे लाकूड जळताना येणारा धूरही त्वचेला व डोळ्यांना झोंबतो. कण्हेर विषारी आहे. रंग किंवा पॉलिश दिलेले सागाचे तुकडे, प्लायवूड आणि खोक्यांच्या फळ्या यांच्या धुरात काय काय असते ते पाहता त्याभोवती मुले बसवणे योग्य नाही.

१०. आमच्या कुंडाचा धूर फार होतो. उपाय काय?

दहापैकी नऊ वेळा लाकूड ओले असते. जाळायच्या लाकडात पाण्याचा अंश २० टक्क्यांहून कमी हवा. पावसाळ्यापूर्वी तोडलेले, न फोडलेले ओंडके डिसेंबरमध्ये वरून कोरडे दिसतात, पण आतून ओलेच असतात. लाकूड उन्हाळ्यातच फोडावे, जमिनीपासून उचलून रचावे, वरून झाकावे आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता टणक, खणखणीत आवाज आला तर ते वाळले असे समजावे. बद्द आवाज आला तर ठेवून द्यावे.

दुसरे कारण तळातून हवा न मिळणे. भिंतीच्या खालच्या थरात समोरासमोर दोन-तीन विटांची जागा मोकळी सोडावी आणि बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाळी तळापासून तीन-चार इंच वर बसवावी. दुहेरी भिंतीचे ‘बिनधुराचे’ लोखंडी कुंड बाजारात मिळते, त्याचे तत्त्व खरे आहे. दोन भिंतींमधून तापलेली हवा वरच्या छिद्रांतून ज्वाळेत येते आणि न जळलेला धूर तेथे जळतो. ओल्या लाकडाला मात्र तेही हार जाते.

११. तरीही घरात फायरप्लेस बांधायचीच आहे. मापे कशी ठरवावीत?

आधी एक गोष्ट मान्य करावी लागेल. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडातल्या उष्णतेचा फार थोडा भाग, साधारण दहावा हिस्सा, खोलीत येतो आणि बाकीची उष्णता धुराड्यातून निघून जाते. वर जाणारा धूर खोलीतली हवाही ओढून नेतो, त्यामुळे दाराच्या फटीतून थंड हवा आत येऊ लागते आणि विस्तवाकडे तोंड असलेल्या माणसाची पाठ गारठते. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ मध्ये फायरप्लेसवर जे लिहिले, त्याचा गाभा हाच होता. खोलगट, मोठ्या तोंडाच्या जागेऐवजी उथळ जागा ठेवावी, बाजूच्या भिंती बाहेरच्या दिशेला तिरप्या कराव्यात म्हणजे उष्णता खोलीत परतते, आणि धुराड्याचा गळा अरुंद करावा. सव्वादोनशे वर्षांनंतरही आमच्याकडे येणारे बहुतेक नकाशे खोल, चौकोनी पेटीचेच असतात.

१२ × १५ फुटांच्या खोलीला ३० इंच रुंद आणि २४ इंच उंच तोंड पुरते. विस्तवाची जागा भिंतीत १६ ते १८ इंच खोल असावी. धुराड्याच्या आतल्या छेदाचे क्षेत्रफळ तोंडाच्या किमान एक दशांश हवे. वरच्या मापात तोंड ७२० चौरस इंच होते, म्हणजे धुराडे ७२ चौरस इंचांपेक्षा कमी नको. ९ × ९ इंच ठेवले की ते बसते. धुराड्याची उंची विस्तवाच्या जागेपासून १२ ते १५ फुटांहून कमी असेल तर ओढ लागत नाही, आणि एकमजली बैठ्या घरांत नेमकी हीच अडचण येते. गळ्याशी बिडाची झडप अवश्य बसवावी. विस्तव नसताना ती बंद ठेवली नाही, तर मे महिन्यात त्याच धुराड्यातून लू खोलीत उतरते आणि पावसाळ्यात वटवाघळे. विस्तवापुढे १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच जमीन दगडाची असावी. वरची शोभेची सागवानी फळी तोंडापासून निदान एक फूट वर राहावी.

काळ्या मातीवरचे घर असेल तर फायरप्लेस आणि धुराड्याचा पाया घराच्या जोत्यापासून स्वतंत्र आणि मुरमापर्यंत खोल घ्यावा, नाहीतर जड धुराडे कलते आणि सोबत भिंतही ओढते (प्रश्न ६).

बिडाची बंद शेगडी, काचेचे दार असलेली, हा यापेक्षा शहाणा पर्याय आहे. हवा मोजून आत सोडता येत असल्यामुळे ती तेवढ्याच लाकडात उघड्या फायरप्लेसच्या कितीतरी पट ऊब देते.

१२. कवेलूंच्या किंवा टिनाच्या छपरातून धुराडे कसे न्यावे?

छपराला जेथे छेद देतो तेथून धुराडे किमान ३ फूट वर जावे आणि १० फुटांच्या आत असलेल्या आढ्यापेक्षा २ फूट उंच असावे. नाहीतर वारा आढ्यावरून खाली वळतो आणि धूर घरात ढकलतो. विटांच्या धुराड्यापासून लाकडी वासे आणि पाट्या २ इंच तरी दूर ठेवाव्यात. एकेरी लोखंडी पाइप असल्यास हे अंतर दीड फूट हवे, आणि ते राखता येत नसेल तर आत उष्णतारोधक थर असलेला दुहेरी पाइप घ्यावा. फाटीवर किंवा बांबूवर अंथरलेल्या कवेलूंच्या जुन्या छपरातून एकेरी पाइप नेण्यास आम्ही सरळ नकार देतो. माकडांचा त्रास असलेल्या गावांत वरची टोपी घट्ट बांधावी, हे सांगायची गरज नसावी.

१३. विजेची, गॅसची किंवा बायोइथेनॉलची फायरप्लेस कशी वाटते?

विजेची सर्वांत सोपी आहे. साधारण २,००० वॅटचा हीटर आणि वर ज्वाळेचा देखावा असतो. चार तासांत ८ युनिट वीज जाते. तिला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि चांगले अर्थिंग द्यावे. गावात संध्याकाळी वीज जाते किंवा व्होल्टेज पडते, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खोलगट कुंडात साचून राहतो आणि काडी ओढताक्षणी भडका उडतो, म्हणून गॅसचे कुंड जमिनीत खणून बांधू नये आणि त्याच्या तळाशी हवा निघायला मोकळी जागा ठेवावी. १४.२ किलोचे घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठी असते, ते या कामाला लावू नये. बायोइथेनॉलला धूर नसतो, पण ते खोलीतला प्राणवायू वापरते आणि त्याची ज्वाळा उजेडात जवळजवळ दिसत नाही. विझले असे समजून पुन्हा इंधन ओतताना अनेक जण भाजले आहेत. भांडे पूर्ण निवल्याशिवाय थेंबही ओतू नये.

१४. रात्री खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपले तर चालेल का? बाळंतिणीच्या खोलीत तर ठेवतातच.

चालणार नाही. या पानावर ज्याला सूट नाही असे हे एकच उत्तर आहे. निखारा लाल आणि बिनधुराचा दिसतो तेव्हाच तो कार्बन मोनॉक्साइड वायू सर्वाधिक सोडत असतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला आधी डोके जड होते, मग त्याला उठताच येत नाही.

बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचा तर शेगडी बाहेर पेटवून, दार आणि समोरची खिडकी उघडी ठेवून, कोणीतरी जागे असताना तेवढ्यापुरती आत आणावी आणि शेक झाला की बाहेर न्यावी. जुन्या घरात हे चालत आले, कारण कवेलूंच्या फटींतून आणि कुडाच्या भिंतींतून हवा खेळत होती. स्लॅबच्या, सरकत्या खिडक्यांच्या खोलीत तीच शेगडी प्राणघातक ठरते. दगडी कोळसा तर घरात कधीही नको. डोकेदुखी, मळमळ किंवा गुंगी वाटली तर त्या माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि मग दवाखान्यात न्यावे.

१५. त्याच कुंडात हुरडा, पानगे, रोडगे करता येतील का?

अवश्य, पण ते निखाऱ्यावरचे काम आहे, ज्वाळेवरचे नाही. हुरड्याला गोवऱ्यांचा मंद विस्तव लागतो. लाकडाच्या जाळात कणसे वरून करपतात आणि दाणे कच्चे राहतात. पळसाच्या पानात गुंडाळलेले पानगे आणि रोडगे गोवऱ्यांच्या निव्यात पुरण्यासाठी कुंडाचा तळ सपाट आणि किमान अडीच फूट रुंद हवा. ज्या कुंडात रंगीत लाकूड किंवा कचरा जाळला असेल त्यात अन्न भाजू नये. खरे तर हुरड्यासाठी बाजूला एक फूट खोल वेगळी आगटी खणणेच बरे, म्हणजे बैठक मोडत नाही.

१६. पावसाळ्यात कुंडाचे काय करावे?

तळाला एक इंची पाइप उताराकडे काढून ठेवला नसेल, तर जूनमध्ये कुंडाची बोळी होते आणि डास होतात. लोखंडी कुंडाला शेवटच्या विस्तवानंतर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि ते पालथे घालावे. पावसाळा उलटल्यावर पहिला विस्तव लहान करावा, कारण विटांत चार महिन्यांचे पाणी असते. पहिल्यांदा पेटवण्यापूर्वी आत विंचू किंवा साप नाही ना, हे काठीने पाहावे.

१७. राख बागेत टाकली तर चालते ना?

थोडी. लाकडाची राख अल्कधर्मी असते आणि आपली काळी जमीन आधीच त्या बाजूला झुकलेली आहे. वाफ्यात दर आठवड्याला टोपलीभर राख टाकली तर झाडे पिवळी पडू लागतात. भांडी घासायला आणि उकिरड्यात मिसळायला ती वापरावी. राखेत पुरलेला निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतो, त्यामुळे ती आधी झाकणाच्या लोखंडी बादलीत ठेवावी. प्लास्टिकच्या घमेल्यात उचलून कोठ्यामागे टाकलेल्या राखेने गंज्या पेटल्याच्या तक्रारी दर हिवाळ्यात आमच्या कानावर येतात.

१८. आमचे घर जंगलाला लागून आहे आणि होमस्टे चालवतो. काही कायदेशीर बंधने आहेत का?

आहेत. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे किंवा पेटता विस्तव सोडून जाणे गुन्हा आहे. राज्यातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांपैकी पाच, म्हणजे मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर, विदर्भात आहेत. त्यांच्या कडेला असणाऱ्यांनी शेकोटीआधी वनरक्षकाला विचारून घ्यावे. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा मानतो. त्या दिवसांत पानगळ झालेल्या जंगलाजवळ पाहुण्यांच्या हौसेसाठी कुंड पेटवू नये, आणि तोवर थंडीही सरलेली असते.

लाकूड स्वतःच्या शेतातले असले तरी साग, मोह, चिंच, आंबा, ऐन, तिवस, बिजा, जांभूळ अशी अनुसूचित झाडे तोडण्यास १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायद्यानुसार परवानगी लागते. शेकोटीसाठी मोहाचे झाड तोडणाऱ्याला गावातही कोणी चांगले म्हणत नाही.

१९. गच्चीवर कुंड ठेवता येईल का?

पायांवर उभे असलेले हलके लोखंडी कुंड ठेवता येईल. त्याचा तळ स्लॅबपासून किमान एक फूट वर असावा, खाली फायर ब्रिकचे दोन थर सुके रचावेत आणि त्यांमधून हवा खेळू द्यावी. स्लॅबवर थेट विस्तव केल्यास प्रश्न ८ मध्ये सांगितलेले नुकसान होते, आणि वर गळतीरोधक डांबरी थर असेल तर तो वितळतो. पाण्याची प्लास्टिकची टाकी आणि सौर पॅनेलच्या तारा दूर असाव्यात. दगडी कुंड गच्चीवर बांधू नये; त्याचे वजन घराच्या हिशेबात धरलेले नसते.

२०. वाड्याच्या जुन्या स्वयंपाकघरात चुलीवर धुराडे आहे. त्याचीच फायरप्लेस करता येईल का?

धुराडे वापरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. दिवसा खालून आरसा धरून वरचे आकाश दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर आत घरटी किंवा पडलेल्या विटा आहेत. नंतर ओल्या गोवरीचा धूर करून वरच्या खोल्यांत आणि माळ्यावर फिरावे. कोठेही वास आला तर आतली जोडणी उघडली आहे. शेवटी धुराड्यात घुसवलेले लाकडी तुळयांचे टोक शोधावे. जुन्या वाड्यांत गवंडी तुळई खुशाल धुराड्याच्या भिंतीत टेकवत असत. चुलीच्या लहान विस्तवात ती शंभर वर्षे टिकली, पण फायरप्लेसच्या जाळात टिकेलच असे नाही. यांपैकी एकही अडचण आढळली, तर धुराड्याच्या आत स्टेनलेस स्टीलचा अखंड पाइप सोडून खाली बिडाची बंद शेगडी जोडावी. चूल आणि तिचा वैल तसाच सारवून ठेवला, तर त्या खोलीला दुसऱ्या कोणत्याही शोभेची गरज लागत नाही.